गार्सिया द ओर्ता याची साक्ष : निजामशाहीच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

निजामशाहीच्या इतिहासाकडे वळणारा अभ्यासक प्रथम फिरिश्ता उघडतो, त्यामागून सय्यद अली तबातबाईचा ‘बुऱ्हान-इ-मासिर’ घेतो, आणि या दोन फारसी ग्रंथांच्या आधारें आपली शकावली जुळवूं लागतो. यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु हे दोन्ही ग्रंथकार पहिला बुऱ्हान निजामशहा १५५३ सालीं वारल्यावर बऱ्याच वर्षांनीं लिहावयास बसले, ही गोष्ट आपण सोयीनें विसरतों. तबातबाईनें आपला ग्रंथ दुसऱ्या बुऱ्हानशहाच्या कारकीर्दींत, १५९१-९२ च्या सुमारास, आरंभिला. फिरिश्त्याचा ग्रंथ तर सतरावें शतक उजाडल्यावर विजापुरास सिद्ध झाला. पहिल्या बुऱ्हानशहाच्या दरबारीं प्रत्यक्ष बसलेला, त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी वाहिलेला आणि आपलें पाहिलेलें स्वतःच्या हयातींतच छापून ठेवलेला असा एक तिसरा साक्षीदार आहे. तो आपल्याकडील कपाटांत सहसा सांपडत नाहीं, कारण त्याचा ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या कपाटांत ठेवण्याची वहिवाट पडली आहे.

या साक्षीदाराचें नांव गार्सिया द ओर्ता. त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत जोआनिश द एंदें या मुद्रकानें छापून पुरा केला. ग्रंथाचें मूळ नांव लांबलचक आहे; ‘हिंदुस्थानांतील वनौषधि, औषधी द्रव्यें व वैद्यकोपयोगी वस्तु यांवरील संवाद’ असा त्याचा अर्थ होईल. यापुढें आम्ही त्यास ‘संवाद’ एवढेंच म्हणूं. औषधांच्या ग्रंथाचा परामर्श इतिहासाच्या त्रैमासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील तर उत्तर सोपें आहे. आमचें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद व त्याही पूर्वींची मलिक अंबराची खडकी, निजामशाहीच्याच मुलखांत वसलें. दौलताबादचा किल्ला १४९९ पासून या घराण्याच्या ताब्यांत होता. आणि या घराण्याचें मूळ फिरिश्ता आमच्याच मराठवाड्यांतील पाथरीच्या एका ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घराण्याशीं नेऊन भिडवितो. अशा राज्यासंबंधीं समकालीन शब्द जेथें मिळेल तेथून उचलणें हें आमचें कामच आहे. मात्र उचलण्यापूर्वीं साक्षीदार कोण, तो कोणाच्या धाकांत बोलत होता, आणि त्याचा शब्द आपल्यापर्यंत कोणाच्या हातांतून आला, हें तपासावयास हवें. ओर्ताच्या बाबतींत ही तपासणी नेहमींपेक्षां अवघड आहे.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालच्या सरहद्दीवरील कास्तेलो द व्हिद या गांवीं १५०० च्या आसपास झाला. आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ सालीं स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली तेव्हां तीं दोघें सरहद्द ओलांडून आलीं. परंतु पांचच वर्षांनीं पोर्तुगालच्या राजानें आपल्या राज्यांतील यहुद्यांस सक्तीनें बाप्तिस्मा घ्यावयास लाविलें. अशा कुटुंबांस ‘नवे ख्रिस्ती’ हें नांव पडलें, आणि तें डाग दिल्यासारखें पिढ्यान् पिढ्या राहिलें. मुलानें सालामान्का व आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यकाचें शिक्षण घेतलें, पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत कांहीं काळ अध्यापनहि केलें, आणि १५३४ च्या मार्चांत मार्तिं आफोंसो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला. सप्टेंबरांत तो गोव्यास उतरला. मायदेशीं तो परत गेला नाहीं. त्याच्या निघण्यानंतर दोनच वर्षांनीं, १५३६ सालीं, इन्क्विझिशन म्हणून कुप्रसिद्ध असलेलें धर्मन्यायासन पोर्तुगालांत स्थापन झालें, हा योगायोग होता कीं दूरदृष्टि होती, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

पहिलीं तीन-चार वर्षें सोझाच्या स्वाऱ्यांबरोबर काठेवाड, दीव असा फिरून तो १५३८ च्या सुमारास गोव्यांत स्थिरावला. तेथें त्याचें घर, औषधी झाडांची बाग, ग्रंथसंग्रह आणि व्यापार हीं एकत्रच वाढलीं. १५५४ च्या सुमारास त्याला मुंबईचें बेट खंडानें मिळालें; तेथील आपल्या एका आंब्याला वर्षांतून दोनदां फळ येतें, हें तो मोठ्या अभिमानानें नमूद करतो. मुंबईचा हा जुना खोत वनस्पतिशास्त्रज्ञांस ठाऊक आहे आणि पणजीच्या बागेस त्याचें नांव आहे. निजामशाहीच्या अभ्यासकांस मात्र तो अजून परकाच आहे.

तुलनेसाठीं त्याच पिढींतील दुसरा एक पोर्तुगीज यहुदी वैद्य येथें आठवतो. जोआंव रोद्रिगिश, ज्यास यूरोप ‘आमातुश लुसितानुश’ या लॅटिन नांवानें ओळखतो, हाहि सालामान्क्यासच शिकला. तो पूर्वेकडील समुद्रानें न येतां अँटवर्प, फेर्रारा, अँकोना असा हिंडत अखेरीस तुर्की सुलतानाच्या राज्यांतील सालोनिका येथें गेला, आणि तेथें उघडपणें यहुदी म्हणून जगला. त्यानेंहि डायोस्कॉरिडीसवर ग्रंथ लिहिला. दोघेहि १५६८ सालीं वारले. एकाच्या ग्रंथांवरील नांव आणि घरांतील धर्म यांत शेवटीं फरक उरला नाहीं. दुसऱ्याच्या बाबतींत तो फरक मरणानंतरहि त्याच्या हाडांचा पाठलाग करीत राहिला. ‘संवाद’ वाचतांना ही जोडी डोळ्यांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

आतां ग्रंथाच्या नशिबाकडे पाहूं. ‘संवाद’ हा नांवाप्रमाणेंच संवादरूप आहे. एका बाजूस ओर्ता स्वतः. दुसऱ्या बाजूस रुआनो नांवाचा, विद्यापीठांत शिकून नुकताच गोव्यास आलेला कल्पित वैद्य. रुआनो पोथ्यांतील प्रमाणें काढतो, ओर्ता आपण पाहिलेलें सांगतो. मध्येंच दासी निरोप घेऊन येते, जेवणाची वेळ होते, कोणी रोगी बोलावणें पाठवितो, आणि वेलदोड्यावरून सुरू झालेली गोष्ट कोण्या सुलतानाच्या वंशावळींत शिरते. छपाई सदोष आहे. शुद्धिपत्रच कित्येक पानें खातें. गोव्यांत मुद्रणकला १५५६ सालीं आली, तेव्हां सात वर्षांच्या छापखान्याकडून अधिक अपेक्षा करणेंहि योग्य नव्हे.

ग्रंथ यूरोपांत पोंचल्यावर शार्ल द लेक्ल्यूझ, ऊर्फ क्लुसियुस, या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातीं पडला. त्यानें १५६७ सालीं अँटवर्प येथें त्याचा लॅटिन सारग्रंथ काढला. पुढें तीनशें वर्षें यूरोपनें जो ओर्ता वाचला तो हा. क्लुसियुसानें काय केलें? संवाद मोडला, रुआनो काढून टाकला, गप्पागोष्टी छाटल्या, चित्रें घातलीं आणि प्रत्येक द्रव्याचा सुटसुटीत परिच्छेद बनविला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ही सेवा मोठी होय, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जें छाटलें गेलें त्यांतच इतिहास होता. अहमदनगरचा दरबार, शहाची जिज्ञासा, कोंकणांतील लेण्यांचें वर्णन, राजांच्या किताबांची चर्चा, हें सर्व ‘अवांतर’ म्हणून टोपलींत गेलें.

यास समांतर, आणि नेमकें उलट, असें एक उदाहरण आमच्या घरचें आहे. ओर्ता गोव्यांत उतरला त्या सुमारास पैठणास एकनाथांचें बालपण चाललें होतें. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारपदावर होते अशी परंपरा आहे, म्हणजे याच निजामशाहीचे चाकर. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मागाहून घुसलेले पाठ काढावे, मूळ शब्द जसा होता तसा परत बसवावा, आपलें कांहीं त्यांत मिसळूं नये, ही त्यांची दृष्टि होती. क्लुसियुसाची दृष्टि उपयोगाची, नाथांची दृष्टि पाठाची. हस्तलिखितें गोळा करणाऱ्यांनीं या दोहोंतील भेद विसरूं नये. कारण आपल्याकडेहि ‘उपयोगी तेवढें’ उतरून घेऊन उरलेलीं पानें वाण्याकडे घालणारे क्लुसियुस थोडे झाले नाहींत.

ओर्ता मूळ स्वरूपांत परत मिळाला तो काउंट द फिकाल्यु यांच्यामुळें. त्यांनीं १८८६ सालीं त्याचें चरित्र लिहिलें आणि १८९१ व १८९५ सालीं ‘संवादां’ची दोन खंडांची सटीप आवृत्ति लिस्बनमध्यें काढली. याच आवृत्तीवरून सर क्लेमेंट्स मार्कहॅम यांनीं १९१३ सालीं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. आमच्याकडील बहुतेक अभ्यासक मार्कहॅमच वाचतात. त्यांत मूळ शब्दांचें लेखन तपासण्याची सोय फारशी नाहीं, आणि देशी नांवांवर तर मुळींच विसंबूं नये. ज्यास मराठी-दक्षिणी शब्दांसाठीं ओर्ता वाचावयाचा आहे त्यानें फिकाल्युंच्या टीपा टाळून चालणार नाहीं.

आतां अहमदनगर, आजचें अहिल्यानगर. ओर्ता तेथें बुऱ्हानशहाच्या चिकित्सेसाठीं एकाहून अधिक वेळां गेला. शहाविषयीं तो आदरानें लिहितो, आणि हा आदर आश्रिताचा वाटत नाहीं. बरोबरीच्या विद्याप्रेमी माणसाविषयींचा वाटतो. शहानें पदरीं इराणी, आरबी, तुर्की वैद्य मोठमोठ्या पगारावर ठेविले होते. त्यांच्याशीं ओर्ताच्या चर्चा होत. त्यास अविसेना ठाऊक होता तो लॅटिन भाषांतरांतून, आणि येथें अविसेना मूळ भाषेंत वाचणारे हकीम समोर बसलेले. लॅटिन भाषांतरांतील औषधांच्या नांवांची जी गफलत यूरोपांत शतकानुशतकें चालत आली होती ती येथें उकलण्याची संधि होती, आणि ती त्यानें सोडली नाहीं. सर्वांत हृद्य प्रसंग शहाचाच आहे. शहा रोगांचीं व औषधांचीं आरबी नांवें वैद्यास सांगे, वैद्य त्यांचीं लॅटिन नांवें शहास शिकवी, आणि शहास याचें मोठें कौतुक वाटे. फिरिश्त्याच्या बुऱ्हानशहास आपण लढायांत, तहांत आणि शहा ताहिराच्या सल्ल्यानें शिया पंथ स्वीकारतांना पाहतों. पाथरीच्या परगण्यासाठीं इमादशहाशीं भांडतांना पाहतों. लॅटिन शब्द घोकून प्रसन्न होणारा शहा त्यांच्यांत नाहीं. तो केवळ ओर्तापाशीं आहे.

राजांच्या किताबांची चर्चा ‘संवादां’च्या दहाव्या प्रकरणांत आहे, आणि तें प्रकरण कशावर म्हणाल तर बोरांवर व भिरंडांवर! बोरें खातां खातां गोष्ट दक्षिणेंतील राजांच्या नांवांवर जाते, तेथून बुद्धिबळांतील मोहऱ्यांच्या नांवांपर्यंत पोंचते. बहमनी राज्य फुटून सरदार स्वतंत्र कसे झाले याची हकीकत तेथें येते. ती ऐकीव आहे, आणि शकावलीसाठीं तिच्यावर भार टाकूं नये. फिरिश्त्याशीं विरोध येईल तेथें फिरिश्त्यासच बहुधा मान द्यावा लागेल. परंतु किताबांच्या रूपांसाठीं ती बहुमोल आहे. ओर्ता विजापूरच्या राजास ‘इदालकांव’ म्हणजे आदिलखान म्हणतो, अहमदनगरच्यास ‘निजामलूको’ म्हणजे निजाम-उल्-मुल्क म्हणतो; पण आपल्या रोग्याचा उल्लेख करतांना ‘निजामोशा’, म्हणजे निजामशहा, हेंच नांव त्याच्या तोंडीं येतें. यावरून असें दिसतें कीं, जुना सरदारी किताब व नवा राजकिताब हे दोन्ही सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेजारीं शेजारीं चालत होते. परका मनुष्य जुना वापरी, दरबारांत वावरणारा नवा. आणखी एक गोष्ट. ‘आदिल’ याचें पोर्तुगीजांनीं ‘इदाल’ केलें, आणि आमच्या जुन्या मराठी कागदांतहि ‘इदलशहा’, ‘येदिलशहा’ अशींच रूपें आढळतात. दोन्ही ठिकाणीं आरंभीं इकार यावा हें निव्वळ योगायोगानें घडलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पोर्तुगीजांच्या कानीं हें नांव पडलें तें दरबारी मुनशाच्या तोंडून नव्हे, तर कोंकणांतील बंदरांवर वावरणाऱ्या मराठी व कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडून, असा आमचा तर्क आहे. जुन्या सनदांच्या संग्राहकांनीं तो पडताळून पाहावा.

येथून शब्दांच्या विषयास हात घालणें क्रमप्राप्त होतें. ओर्ता प्रत्येक द्रव्याचीं आरबी, मलबारी, गुजराथी, दक्षिणी व ‘कानारीं’, म्हणजे गोव्याकडील, नांवें देतो. पान, सुपारी, फणस, बोर, भिरंड, निंब, निगडी हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीज कानांनीं टिपलेले व रोमन अक्षरांत छापलेले तेथें सांपडतात. फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथें १६१६ सालीं छापून निघालें. त्याच्या त्रेपन्न वर्षें आधींचे हे ठसे आहेत. ते विपर्यस्त आहेत, आणि त्यांतील कांहीं विपर्यास ओर्ताचा नसून खिळे जुळविणाऱ्याचा आहे. तरीहि भाषेच्या अभ्यासकास त्यांचें मोल सांगावयास नको.

या शब्दांपैकीं एकाची कथा विस्तारानें सांगण्याजोगी आहे. सतराव्या संवादांत कोष्ठाविषयीं, म्हणजे आपल्या उपळेटाविषयीं, बोलणें चाललें असतां एका बड्या माणसाकडून नोकर धांवत येतो. धन्याच्या भावास ‘मोर्शी’ झाली आहे, दोन तास लोटले आहेत. ओर्ता तत्काळ उठतो, कारण या रोगास विलंब सोसत नाहीं हें तो जाणतो. रोग्याच्या घरीं जाऊन त्यानें केलेलें वर्णन हें महामारीचें, म्हणजे पटकीचें, यूरोपीय वैद्यानें केलेलें हिंदुस्थानांतील पहिलें तपशीलवार वर्णन मानलें जातें. शब्द मात्र त्याचा नव्हे. ‘मोर्शी’ ही आमची ‘मोडशी’. पुढें पोर्तुगीजांनीं तिचें ‘मोर्देशीं’ केलें, फ्रेंचांनीं तें ऐकून आपल्या भाषेंत ‘मोर द शियें’, म्हणजे कुत्र्याचें मरण, असा अर्थ लाविला, आणि इंग्रज ग्रंथकार तो फ्रेंच अर्थच मूळ समजून चालले. यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं आपल्या कोशांत हा गुंता सोडविला. मराठी घराघरांत अजीर्णासहि लाविला जाणारा एक साधा शब्द यूरोपांत जाऊन असा भयंकर वेष घेऊन परत आला, हें पाहून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. त्याच संवादांत देशी उपचारहि आले आहेत : मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची पेज, जिला तो ‘कांजी’ हेंच नांव देतो, आणि पायांस डाग देणें.

ओर्ता आमच्या वैद्यांविषयीं काय म्हणतो, हा प्रश्न येथें टाळूं नये. त्याच्या मतें हिंदु वैद्य अनुभवानें व वहिवाटीनें औषध देतात, त्यांस शरीररचनेचें ज्ञान नाहीं. हें वाचून आपला स्वाभिमान दुखावतो, आणि तें मत एकांगी आहे यांत संशय नाहीं. सुश्रुताची परंपरा त्याच्या कानांवर गेलेली दिसत नाहीं. परंतु त्याच तोंडानें तो हेंहि कबूल करतो कीं, आपल्या उपायांनीं गुण न आल्यास आपण येथील ब्राह्मण वैद्यांचे उपाय करतों. आणि त्यानें आपल्या ग्रंथांत मालुपा नांवाच्या एका हिंदु वैद्यास प्रत्यक्ष संवादांत आणून बसविलें आहे. हा मालुपा रुआनोप्रमाणें सालामान्क्याची प्रमाणें काढीत नाहीं. त्याला विचारलें जातें आणि तो सांगतो. सोळाव्या शतकांतील छापील यूरोपीय ग्रंथांत हिंदु वैद्य नांवानिशीं बोलतो, हें दृश्य दुर्मिळ आहे. अहमदनगरचे हकीम ओर्ताचे बरोबरीचे. मालुपा त्याचा खबऱ्या. हा फरक त्याच्या मनांतला आहे आणि तो आपण ओळखून असावें. परंतु खबऱ्याचें नांव न गाळणारा ग्रंथकार हा तेवढ्यापुरता प्रामाणिक ग्रंथकार होय.

आतां सर्वांत नाजूक भाग. फिकाल्युंनीं चरित्र लिहिलें तेव्हां ओर्ताच्या धर्माची खरी हकीकत पुढें आलेली नव्हती. १९३४ सालीं आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु यांनीं धर्मन्यायासनाच्या कागदांवरून ती प्रसिद्ध केली, आणि ओर्ताचें चित्रच पालटलें. गोव्यांत धर्मन्यायासन १५६० सालीं बसलें. ओर्ता १५६८ सालीं वारला. त्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला पकडलें, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं तिला गुप्त यहुदी म्हणून जाळण्यांत आलें. नातलगांच्या कबुलीजबाबांतून असें निघालें कीं, मृत वैद्य स्वतःहि अंतर्यामीं मोशाच्या धर्मशास्त्रासच खरें मानीत असे. त्यावरून ४ डिसेंबर १५८० रोजीं, मरणानंतर बारा वर्षांनीं, त्याच्या अस्थि उकरून जाळण्यांत आल्या.

या माहितीनंतर ‘संवाद’ वाचणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट पूर्वींप्रमाणेंच वाचतो : वनस्पति पाहाव्या, कबुलीजबाब बाजूस ठेवावे. दुसरा तट उलट टोंकास जातो : ग्रंथांतील ओळन् ओळ ही झांकलेल्या यहुद्याची सांकेतिक भाषा, गॅलेनविरुद्ध बंड म्हणजे चर्चविरुद्ध बंड, आणि रुआनो म्हणजे त्याचें सोंग घेतलेलें ख्रिस्ती मन. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. गॅलेन हा चर्चचा आचार्य नव्हे; त्याच्याशीं भांडण हें विद्यापुनरुज्जीवनाच्या त्या सर्व पिढीचें भांडण होतें, आणि १५४३ सालीं व्हेसालियुसानें तें शरीररचनेंत ज्या जोरानें मांडलें त्याचें यहुदी असण्याशीं कांहीं नातें नव्हतें. डायोस्कॉरिडीस व गॅलेन यांच्या नांवाचा बागुलबुवा दाखविला तरी आपण पाहिलेलेंच सांगणार, असें ओर्ता रुआनोस बजावतो; तें डोळे उघडे ठेवणाऱ्या वैद्याचें बोलणें आहे. त्यांत दुसरें कांहीं शोधणें म्हणजे त्याच्या विद्येस कमीपणा आणणें होय.

मग कबुलीजबाबांचें काय करावें? येथें आमच्या शास्त्राची कसोटी आहे. ग्रंथ भीतीच्या छायेंत लिहिलेला. कबुलीजबाब त्याहून मोठ्या भीतींत दिलेले. मेलेल्या माणसावर दोष ढकलला तर जिवंतांचा बचाव होण्याची आशा, हें तुरुंगांतील प्रत्येकास समजत होतें. गोव्याच्या न्यायासनाचें दप्तर तें १८१२ सालीं बंद झाल्यानंतर बहुतेक नष्ट झालें. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो येथील संग्रहांत राहिलें तेवढेंच आपल्या हातीं आहे. तेव्हां केवळ कबुलीवर निकाल देतां येणार नाहीं. परंतु तिला स्वतंत्र दुजोरा आहे. ओर्तानें लग्न केलें तें ब्रियांदा द सोलीश या ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यांतील मुलीशीं. आई व बहिणी लिस्बनच्या न्यायासनाच्या तावडींत १५४७ सालीं सांपडल्या होत्या. त्या सुटल्यावर १५४९ मध्यें त्यानें त्यांस गोव्यास आणविलें. त्याच्या ग्रंथांत यहुदी प्रवाशांकडून मिळालेल्या माहितीचा उल्लेख येतो. या गोष्टी कोणाच्या कबुलींतून निघालेल्या नाहींत. म्हणून तो मनानें यहुदी राहिला, हा निष्कर्ष आम्ही स्वीकारतों. मात्र तो कोणते शब्द कोणापाशीं बोलला याचा तपशील कबुलीजबाबांच्या भरंवशावर उतरून घेण्याची आमची तयारी नाहीं.

या निष्कर्षाविरुद्ध एक आक्षेप घेतां येईल, आणि तो आमच्या प्रांताशीं निगडित असल्यामुळें त्याचा विचार करणें भाग आहे. बुऱ्हानशहानें ओर्तास भरघोस नेमणूक देऊं केली होती. दरवर्षीं कांहीं महिने अहमदनगरास राहावें एवढीच अट. ओर्तानें ती नाकारली, हें तो स्वतःच सांगतो. धर्म लपवून राहणाऱ्या माणसानें पोर्तुगीज सत्तेबाहेरचें, विद्वानांचा मान राखणारें असें ठिकाण कां सोडावें? आमातुश लुसितानुशानें तर तसेंच ठिकाण पत्करलें! हा आक्षेप वजनदार भासतो, परंतु शक जुळवून पाहतां तो विरघळतो. शहाचें आमंत्रण १५५३ पूर्वींचें, कारण त्या सालीं शहा वारला. गोव्याचें धर्मन्यायासन १५६० चें. आमंत्रण आलें तेव्हां गोव्यांत भय होतें, पण तें दूरचें होतें. जुना धनी सोझा १५४२ ते १५४५ या काळांत गव्हर्नरहि होता, आणि पुढें आलेले अधिकारीहि ओर्ताचेच रोगी होते. शिवाय १५४९ नंतर आई, बहिणी, बायको व दोन मुली अशीं सर्व गोव्यांत. त्यांस मागें ठेवून दरवर्षीं सरहद्द ओलांडणारा ‘नवा ख्रिस्ती’ किती दिवस संशयावांचून राहिला असता? आणि जेव्हां १५६० सालीं खरी गरज पडली, तेव्हां अहमदनगरचें तें दार उघडणारा शहा उरला नव्हता. आमंत्रण नाकारणें हें ओर्ताच्या निर्धास्तपणाचें लक्षण नसून, त्याच्या धोक्याचा काळ मागाहून आला याचें लक्षण आहे.

याच दृष्टीनें ‘संवादां’तील अहमदनगरचीं पानें आम्हांस विशेष मोलाचीं वाटतात. गोव्यांतील माणसांविषयीं ओर्ता सावध, शिष्ट, आर्जवी आहे. ग्रंथाच्या आरंभीं व्हाइसरॉयास उद्देशून कामोंइश कवीचें कवन जोडलें आहे, अर्पणपत्रिका सोझाला आहे, सर्व कसें रीतसर आहे. अहमदनगरच्या पानांत ही शिष्टाई सैल होते. तेथें तो मुसलमान राजाची स्तुति निःसंकोच करतो, मुसलमान वैद्यांकडून शिकलों म्हणून सांगतो, आणि धर्माच्या नांवानें नाकें मुरडीत नाहीं. शहास आपला पंथ उघडपणें बदलतां आला. वैद्यास आपला धर्म उच्चारतांहि आला नाहीं. दोघे एकमेकांस रोगांचीं नांवें शिकवीत बसले असतां ही गोष्ट एकाच्या मनांत होती आणि दुसऱ्यास बहुधा ठाऊक नव्हती. तबातबाई किंवा फिरिश्ता यांच्या पानांत असा प्रसंग मिळणें नाहीं.

आतां संग्राहकांस एक सूचना. ओर्तानें चोपचिनीवर, म्हणजे चीनकडून येणाऱ्या मुळीवर, एक सविस्तर संवाद लिहिला आहे. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त फिरंगरोग व त्यावरील चोपचिनी हीं दोन्ही येतात, म्हणजे सोळाव्या शतकांत ही मुळी संस्कृत वैद्यकांतहि शिरली. बंदरावरील गोव्यापासून काशीकडील पंडितापर्यंतच्या या वाटेंत अहमदनगर, पैठण, दौलताबाद हीं ठाणीं पडतात. या भागांतील वैद्य घराण्यांच्या बाडांत औषधांच्या याद्या, मात्रांचीं कोष्टकें व नुसखे अजून पुष्कळ आहेत. मोडींतहि आहेत आणि फारसींतहि. अशीं बाडें काव्यग्रंथ नाहींत म्हणून संग्रहांत तळाशीं पडतात. ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं तीं काढून चोपचिनी, फिरंगरोग, मोडशी हे शब्द कोठें येतात तें पाहावें, प्रत केव्हां व कोठें उतरली याची नोंद शेवटच्या पानावर शोधावी, आणि पुठ्ठ्याच्या आंत चिकटविलेले जुने कागद पाण्याची वाफ देऊन सावकाश सोडवावे. नुसख्याशेजारीं हकिमाचें किंवा फिरंगी वैद्याचें नांव असेल तर तें पान प्रथम उतरून घ्यावें, आणि उतरतांना त्यांतील एकहि अक्षर सुधारूं नये.